नेवाडा कौंटीला जाताय? सोन्यामागे नको, पाण्यामागे जा

आधी एक घोळ मिटवतो. नेवाडा कौंटी नेवाडा राज्यात नाहीये, कॅलिफोर्नियातच आहे, सिएरा नेवाडाच्या डोंगरात. आणि ती त्या राज्यापेक्षा जुनी आहे, कौंटी झाली १८५१ ला, तिकडची टेरिटरी (राज्य व्हायच्या आधीचा प्रदेश) १८६१ ला. आईला नाव सांगितलं तर तिला वाटलं आम्ही कॅसिनोला चाललोय.

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातून ट्रॅफिक नसेल तर तीनेक तास. हायवे ८० ने ऑबर्न, तिथून हायवे ४९. हा नंबरही उगाच नाहीये, १८४९ ला सोन्यामागे धावत आले ते फॉर्टीनाइनर्स, आपल्या फुटबॉल टीमचं नाव तिथलंच.

आता बहुतेक मंडळी काय करतात, ग्रास व्हॅलीला एम्पायर माइन ही जुनी सोन्याची खाण बघतात, डाउनटाउनमध्ये आइसक्रीम खातात आणि परत. फोटो छान येतात पण कळत काहीच नाही. दोन दिवस काढा आणि एम्पायर दुसऱ्या दिवशी ठेवा.

पहिल्या दिवशी सकाळी नेवाडा सिटीत डीअर क्रीकच्या पुलावर पाच मिनिटं उभे राहा. सुरुवात इथली, ओढ्यातली वाळू थाळीत घोळवायची आणि तळाला राहिलेलं सोनं वेचायचं. अर्थात ओढा रिकामा नव्हता, निसेनान आदिवासी इथे आधीपासून राहत होते, ते उठवले गेले, आणि १९६४ मध्ये तर सरकारने जमात म्हणून असलेली त्यांची मान्यताच काढून घेतली. ओढ्यातलं वरवरचं सोनं काही वर्षांत संपलं, मग लोकांची नजर डोंगराकडे गेली.

म्हणून पुढे मॅलाकॉफ डिगिन्स, डोंगरातली जुनी सोन्याची खाण. गूगल मॅप जवळचा रस्ता दाखवेल, ऐकू नका, कच्चा आणि भयंकर उताराचा आहे, ४९ वरून टायलर फूट रोडने जा. पाणी, खाणं सोबत घ्या. कड्यावर पोचलात की समोर पांढऱ्या-गुलाबी मातीच्या उघड्या भिंती, जवळपास ७००० फूट लांब आणि ३००० फूट रुंद खड्डा. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "डोंगर खाल्ला की काय रे कुणी?"

खाल्लाच. १८५३ मध्ये याच कौंटीत एडवर्ड मॅटिसन नावाच्या माणसाने नळीच्या टोकाला तोटी लावून पाण्याचा मारा डोंगरावर सोडला, आणि पुढे त्याच्या तोफेएवढ्या तोट्या झाल्या, त्यांना मॉनिटर म्हणायचे, एक तिथल्याच नॉर्थ ब्लूमफील्ड गावात ठेवलीय ती नक्की बघा. खाली वाकून एखादा दगड हातात घ्या (खिशात नको, स्टेट पार्क आहे). नदीतल्यासारखा गुळगुळीत गोटा असेल. एवढ्या उंचावर नदीतला गोटा कसा? कोट्यवधी वर्षांपूर्वी इथून खरंच नदी वाहत होती, सोनं तिच्याच वाळूत अडकलेलं. पाण्याने डोंगर फोडायचा, चिखल लाकडी पन्हळीतून सोडायचा, पन्हळीत पारा ओतलेला असायचा, तो बारीक सोनं धरून ठेवायचा. थोडा पारा चिखलासोबत जायचाच. हा पारा लक्षात ठेवा.

हिलर टनेलमधून चालायचं असेल तर उन्हाळा संपता संपता जा, टॉर्च हवा, बूट भिजणारच. साधारण साडेपाचशे फूट आहे, डोंगराचा चिखल बाहेर काढायला खणलेला.

दुसऱ्या दिवशी एम्पायर. १८५० ते १९५६ चालली, ५८ लाख औंस सोनं निघालं, खाली ३६७ मैल बोगदे आहेत म्हणजे मुंबई-पुणे दोनदा येऊन-जाऊन. इथे सोनं वाळूत नाही, गारगोटीच्या दगडात, म्हणून खोल खाणीतला अनुभव असलेले कॉर्निश, म्हणजे इंग्लंडच्या कॉर्नवॉलचे लोक आले, हेच पुढे आपल्या कोलारलाही गेले. त्यांना 'कझिन जॅक' म्हणायचे, कारण जागा निघाली रे निघाली की यांचा गावाकडे एक चुलतभाऊ तयार असायचा. रेफरल सिस्टीम जुनीच आहे हो. दुपारी पास्टी खा, करंजीची तिखटमीठवाली थोरली बहीण, पण आत बहुतेकदा बीफ असतं, चालत नसेल तर आधी विचारा.

परत येताना ८० ने येऊ नका, २० ने मेरिसव्हिलला उतरा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि कुणीच करत नाही. मॅलाकॉफसारख्या खाणींचा चिखल इथे येऊन नदीत बसला, पात्र वर आलं, पूर गावात आणि शेतात. शेवटी इथे मालमत्ता असलेल्या वुडरफ नावाच्या माणसाने नॉर्थ ब्लूमफील्डच्या कंपनीवर केस टाकली आणि ७ जानेवारी १८८४ ला जज सॉयरने नदीत गाळ सोडायला बंदी घातली. पाण्याच्या तोफा जवळपास तिथेच थंडावल्या. गावाभोवतीच्या बांधावर चढा, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला घरं, आणि घरं किती खाली आहेत ते बघा.

आणि तो पारा? त्यातला बराचसा आपल्या सॅन होजेच्या न्यू अल्माडेन खाणीतून जायचा. वर गेला आणि नदीतून वाहत खाली थेट बेमध्ये आला. इथल्या फिशिंग पिअरवर कुठला मासा किती खायचा याची पाटी असते ना, पुढच्या वेळी त्यातली स्ट्राइप्ड बासची ओळ वाचा.