घास अडकला? पाठ थोपटण्याआधी आवाज ऐका

पंगतीत कुणाला ठसका लागला की चार हात एकदम पुढे येतात. एक जण टाळूवर थापट्या मारतो, दुसरा 'वर बघ, वर बघ' म्हणतो, तिसरा पाण्याचा तांब्या तोंडाला लावतो. बहुतेक वेळा माणूस खोकून खोकून स्वतःच मोकळा होतो आणि श्रेय मात्र तांब्याला मिळतं.

जोराचा, आवाज असलेला खोकला येतोय, म्हणजे हवा आत-बाहेर जातेय. अशा वेळी पाठीवर मारू नका, पाजू नका; पुढे वाकवून 'खोक, अजून खोक' एवढंच सांगा. खोकल्याइतका जोर बाहेरून कुणीच देऊ शकत नाही. धोका असतो तो गप्प झालेल्या माणसाला. हात गळ्याशी, डोळे विस्फारलेले, तोंड उघडं पण शब्द नाही, ओठ निळसर. 'घास अडकला का?' असं विचारा. नुसती मान हलली तर वेळ मिनिटांत मोजायची. एकाला १०८ ला फोन लावायला सांगून तुम्ही कामाला लागा.

पाणी का नको? पाणी अन्ननलिकेत जातं, घास अडकलाय श्वासनलिकेच्या तोंडाशी. वाट बंद असताना पाजलेलं पाणी घशात साचतं आणि श्वास घेण्याच्या धडपडीत फुप्फुसाकडे ओढलं जातं. 'वर बघ'चंही तसंच: मान मागे गेली की सैल झालेला घास आणखी मागे घसरतो.

पाठ आणि पोट

पाठीवर मारणं चूक नाही. ताठ उभ्या माणसाच्या पाठीवर मारणं चूक आहे. बाजूला, थोडं मागे उभे राहा. एका हाताने छातीला आधार देऊन त्याला कमरेतून चांगलं वाकवा. मग तळहाताच्या मनगटालगतच्या भागाने दोन्ही खवाट्यांच्या मधोमध ५ जोरदार फटके. थोपटायचं नाही, मारायचं. प्रत्येक फटक्यानंतर घास सुटला का बघा.

नाही सुटला तर पोटावर ५ धक्के. मागे उभे राहून एक पाय त्याच्या दोन पायांमध्ये ठेवा, म्हणजे तो कोसळला तर सावरता येईल. मूठ बेंबीच्या जरा वर, छातीच्या हाडाच्या टोकापासून खाली. दुसऱ्या हाताने मूठ पकडून आत आणि वर, एका झटक्यात ओढा. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात: मूठ वर सरकून हाडाच्या टोकावर बसते, किंवा मिठी मारल्यासारख्या बरगड्याच आवळल्या जातात. बरगडी मोडते, यकृताला इजा होते, घास तिथेच राहतो. म्हणूनच घास निघाला तरी पोटावर धक्के दिलेल्या माणसाला डॉक्टरांना दाखवायचं. गरोदर बाई किंवा कवेत न मावणारा माणूस असेल तर धक्के छातीच्या मधोमध द्या. घास सुटेपर्यंत ५ फटके, ५ धक्के असं आलटून पालटून.

बाळ वर्षाच्या आतलं असेल तर पोटाला हात लावू नका. यकृत मोठं असतं आणि बरगड्यांखाली पुरतं झाकलेलं नसतं. पाय धरून उलटं लटकवून झटकणं तर नकोच. बाळाला हातावर पालथं घ्या, जबडा धरा (गळा दाबू नका), डोकं छातीपेक्षा खाली; पाठीवर ५ फटके. मग उताणं करून छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ५ दाब. पूर्वी हे दोन बोटांनी शिकवत; अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२५ च्या सूचना एका तळहाताच्या मनगटालगतचा भाग वापरायला सांगतात.

घशात आंधळेपणाने बोट घालू नका. बी किंवा मणी पुढे यायच्या ऐवजी पाचरीसारखा आत बसतो. तोंडात वस्तू डोळ्यांना दिसली, तरच काढायची.

बेशुद्ध पडला तर

इथे लोक कांदा आणि चप्पल शोधतात. श्वासच आत जात नाही, तर वास कुठून जाणार? कडक जमिनीवर उताणं झोपवून सीपीआर सुरू करा: छातीवर ३० दाब, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, मग २ श्वास. श्वास देण्याआधी दर वेळी तोंडात डोकावा. दाबांनीच घास वर आलेला असू शकतो.

माशाचा काटा रुतणं हे वेगळं प्रकरण. माणूस बोलतो, श्वास घेतो, फक्त टोचतं. त्यावर सुक्या भाताचा गोळा किंवा केळं गिळायला देतात. काटा त्याने आणखी खोल रुतू शकतो. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

आणि शेंगदाणा. लहान पोराला खाताना जोरात ठसका लागतो, थोड्या वेळाने थांबतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात. दाणा मात्र खाली उतरून फुप्फुसाच्या नळीत बसलेला असू शकतो, बरेचदा उजव्या, कारण ती जास्त रुंद आणि सरळ असते. तिथे तो फुगतो, आजूबाजूला सूज आणतो. पुढे खोकला हटत नाही, छातीत एकाच बाजूला शिट्टी वाजते आणि दम्याची किंवा न्यूमोनियाची औषधं चालू राहतात. एक्स-रेमध्ये दाणा दिसत नाही. त्यामुळे खोकला दहा दिवसांनी दाखवायला नेलात तरी डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: 'दाणे खाताना ठसका लागला होता.'