फुल थ्रॉटलला आउटबोर्ड (होडीमागचं इंजिन) जोर घेत नसेल तर

इंजिन बंद करून आधी पंखा बघा. जाळ्याचा तुकडा किंवा दोरी गुंडाळली असेल तर काढा. आवाज चढतो पण होडी पळत नाही, तेव्हा बहुधा पंख्यातलं रबरी बुश (पंखा दांड्याला धरून ठेवणारं) घसरतंय.

आवाजच चढत नसेल तर आधी पेट्रोलच्या वाटेवर संशय घ्या. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला, तर आत निर्वात होऊन पेट्रोल येत नाही. स्क्रू उघडा असेल तर फुल थ्रॉटलवर दुसऱ्याला नळीवरचा रबरी फुगा दाबायला सांगा. जोर परत आला, तर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटलाय, फिल्टर तुंबलाय किंवा नळी हवा ओढतेय. फरक नाही? इंजिन बंद करून स्पार्क प्लग काढा. दोन सिलिंडरच्या इंजिनात दोनपैकी एकच प्लग ओला, काळा असेल तर ते सिलिंडर पेटत नाही. नव्या प्लगनेही तसंच राहिलं, तर ठिणगीला वीज देणारी कॉइल तपासा.