गोचीड पुन्हा पुन्हा का होतात? फवारणीतील या चुका टाळा

फवारणीला महिना होत नाही तोच गाईच्या कासेवर, कानांत आणि शेपटीच्या मुळाशी गोचीड पुन्हा दिसू लागतात, तेव्हा बहुतेक पशुपालक औषधाला दोष देतात आणि पुढच्या खेपेस त्याची मात्रा वाढवतात. खरे तर बहुतेक वेळा गोठाच फवारायचा राहून गेलेला असतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली, एरंडीच्या बीसारखी दिसणारी मादी जनावरावरून गळून पडते, भिंतीच्या भेगेत किंवा गव्हाणीखाली शिरते आणि तेथे दोन-तीन हजार अंडी घालून मरते. म्हणून जनावर आणि गोठा दोन्हींवर एकाच दिवशी फवारणी करावी, भेगा लिंपून घ्याव्यात आणि अंडी औषधाने सहसा मरत नसल्याने पशुवैद्यकांनी सांगितलेल्या अंतराने फवारणी पुन्हा करावी.

मात्रेत मनाने बदल करणे ही तर घोडचूक आहे. द्रावण कडक झाले की जनावराची लाळ गळते, अंग थरथरते. पातळ झाले तर वाचलेल्या गोचिडांची पुढची पिढी त्या औषधाला दाद देत नाही. फवारणीपूर्वी जनावराला पोटभर पाणी पाजावे आणि अंग वाळेपर्यंत मुसके बांधावे, म्हणजे ते अंग चाटणार नाही. गोचीड मारणाऱ्या आयव्हरमेक्टिन या औषधाचे इंजेक्शन दुभत्या जनावराला परस्पर देऊ नये, कारण हे औषध दुधात उतरते.

हाताने काढलेले गोचीड बोटांनी चिरडणे धोक्याचे आहे, कारण काही जातींतून क्रिमियन-काँगो या जीवघेण्या तापाचा विषाणू माणसात येऊ शकतो. हातमोजे घालून ते रॉकेलच्या डब्यात टाकावेत.

कोंबड्यांच्या बाबतीत फसगत वेळेची होते. लाल माइट ही कोंबड्यांवरची बारीक कीड दिवसा त्यांच्या बसायच्या दांड्यांच्या सांध्यांत आणि खुराड्याच्या फटींत दडते व रात्री रक्त शोषते, त्यामुळे दिवसा पक्षी तपासून काहीच हाती लागत नाही. अंधार पडल्यावर दांडीखालून पांढरा कागद घासून पाहावा. त्यावर रक्ताचे बारीक डाग उमटले, तर कीड आहे. उपाशीपोटी ती कित्येक महिने तग धरते, तेव्हा खुराडे काही आठवडे रिकामे ठेवून भागत नाही.

गोचीड झालेल्या जनावराला ताप आला, गाठी सुजल्या किंवा लघवी लाल होऊ लागली, तर फवारणीत वेळ न दवडता त्याच दिवशी पशुवैद्यकांकडून रक्त तपासून घ्यावे.