विमानतळाच्या पाणी विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात ड्रेनेजचा नकाशा हातात पडतो. तो खरा मानू नका. टर्मिनल वाढलं, ॲप्रन (विमानं उभी राहतात ती फरसबंद जागा) रुंद झालं, मध्येच एखादं हँगर उभं राहिलं आणि दर वेळी कुणीतरी जवळच्या चेंबरला पाइप जोडून मोकळं झालं, असं जुन्या विमानतळावर हमखास झालेलं असतं. म्हणून पहिले दोन-तीन महिने एकच काम जीव लावून करा: प्रत्येक जाळीत पडलेलं पाणी शेवटी कुठे बाहेर निघतं, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

रीत सोपी आहे. कोरडा दिवस निवडा, एअरसाइडची (विमानांच्या वावराच्या भागाची) परवानगी घ्या, बादलीभर पाण्यात थोडा फ्लुओरेसिन हा रंग विरघळवून जाळीत ओता आणि वरून साधं पाणी सोडा. खालच्या प्रत्येक चेंबरवर एक माणूस उभा हवा. हिरवा रंग कुठे, किती मिनिटांनी दिसला ते लिहून ठेवा. ही मिनिटं पुढे फार उपयोगी पडतात. झाकण उघडण्याआधी गॅस मीटर लावायला विसरू नका, कारण इंधनाची वाफ आणि हायड्रोजन सल्फाइड दोन्ही हवेपेक्षा जड असतात आणि तळाशी साचतात. काम संपलं की हत्यारं मोजून परत आणा. ॲप्रनवर राहिलेला एक पानासुद्धा विमानाच्या इंजिनात ओढला जाऊ शकतो.

दुसरी खूण आणखी स्वस्त आहे. तीन दिवस पाऊस नाही, तरीही पावसाळी नाल्याच्या तोंडाशी पाणी वाहतंय? मग ते कुठून तरी चुकीचं येतंय. त्यात क्लोरीन सापडलं तर पिण्याच्या पाण्याची गळती असावी, अमोनिया असेल तर मैलापाणी, वाहकता (विरघळलेल्या क्षारांची खूण) खूप जास्त असेल तर कुलिंग टॉवरचं ब्लोडाउन (वातानुकूलनाचं पाणी थंड करणाऱ्या टॉवरमधून क्षार वाढले म्हणून काढून टाकलेलं पाणी) आणि फेस येत असेल तर धुलाईचं पाणी. किटने दहा मिनिटांत एवढं कळतं.

ऑइल-वॉटर सेपरेटरबद्दल (पाण्यातून तेल आणि इंधन वेगळं करणाऱ्या टाकीबद्दल) जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच असतात. या टाकीत जादू काही नाही. इंधन पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर येतं, इतकंच. किती वेगाने येतं, हे थेंबाच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. घनता ०.८ धरली तर १५० मायक्रॉनचा थेंब १ मीटर पाणी साधारण ७ मिनिटांत चढतो. २० मायक्रॉनच्या थेंबाला त्यासाठी ६ तासांहून जास्त लागतात. पाणी टाकीत इतका वेळ थांबतच नाही. आता कुणी ॲप्रन डिटर्जंटने धुतलं, तर तेलाचे मोठे थेंब फुटून बारीक होतात आणि सेपरेटरमधून सरळ निघून जातात. टाकी उत्तम असूनही नाल्यावर तवंग दिसतो तो यामुळे. त्यामुळे इंधन सांडलं की पाण्याचा पाइप उचलायचा नाही. आधी जवळची जाळी झाकणीने बंद करायची, मग शोषक पट्ट्या टाकून इंधन टिपायचं आणि त्या पट्ट्या घातक कचऱ्यात द्यायच्या. ही शिस्त सफाईच्या आणि इंधन भरणाऱ्या लोकांपर्यंत पोहोचवणं हे तुमचंच काम आहे, आणि ते कागदी परिपत्रकाने होत नाही.

मोठ्या पावसाचं गणितही पाठ असू द्या. २ हेक्टर ॲप्रनवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तासाला १,००० घनमीटर, म्हणजे सेकंदाला २७८ लिटर पाणी येतं. एवढं सगळं सेपरेटरमधून नेणं बहुधा परवडत नाही. पहिल्या पावसाचं मळकट पाणी आत घेऊन पुढचं बायपासने सोडतात. पहिले १० मिलिमीटर धरले तर ते २०० घनमीटर होतात, तेवढी साठवण लागते. आत तळाशी गाळ आणि वर तेल साचू दिलं तर हीच जागा कमी होते, म्हणून दोन्हींची जाडी नियमित मोजा. साठवण उघड्या तळ्यात असेल तर पावसानंतर ४८ तासांच्या आत ते कोरडं व्हायला हवं. साचलेल्या पाण्यावर पक्षी येतात आणि धावपट्टीजवळचे पक्षी विमानाला धोका असतात.

अग्निशमनाचा फोम हा या कामातला सर्वांत जुना आणि चिवट त्रास. जुन्या फोममधली फ्लोरिनयुक्त रसायनं निसर्गात जवळपास विघटन पावत नाहीत. त्यांपैकी पीएफओएस हे टिकाऊ प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत २००९ मध्ये, पीएफओए २०१९ मध्ये आणि पीएफएचएक्सएस २०२२ मध्ये आलं. फ्लोरिनमुक्त फोम आणला म्हणजे सुटलो, असं समजू नका. बंबाच्या टाकीत आणि पाइपांच्या आतल्या भिंतींना जुनं रसायन चिकटून राहतं आणि नव्या फोममध्ये उतरतं. टाकी आणि पाइप वारंवार धुवा, धुतलेलं पाणी वेगळं साठवा, शेवटच्या धुण्याचा नमुना तपासा. सरावाच्या जागेचं पाणी एसटीपीत (मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात) सोडून काही साधत नाही. जैविक प्रक्रिया या रसायनांना हात लावू शकत नाही. बंबाच्या मिश्रणाची चाचणी फोम बाहेर न सोडता करण्याची उपकरणं मिळतात, ती मागून घ्या.

विमानातल्या शौचालयांचं निळं पाणी एसटीपीला एकदम दिलं तर त्यातली जंतुनाशकं जिवाणूंनाच मारतात. पहिली खूण म्हणजे बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया वाढतो, कारण नायट्रीकरण करणारे, म्हणजे अमोनिया संपवणारे, जिवाणू सगळ्यात नाजूक. वेगळी टाकी ठेवा आणि ते पाणी २४ तासांत थोडं थोडं सोडा. मैल्याची गाडी आणि पिण्याच्या पाण्याची गाडी यांची पार्किंगची जागा, पाइप आणि शक्यतो माणसंही वेगळी असावीत.

बर्फ पडणाऱ्या ठिकाणी नोकरी लागली तर विमानांवरचा बर्फ काढायला फवारतात ते ग्लायकॉल हा मुख्य विषय होतो. १ किलो प्रॉपिलीन ग्लायकॉल कुजताना १.६८ किलो ऑक्सिजन खातं, म्हणजे १० अंश तापमानाच्या सुमारे १५० घनमीटर स्वच्छ पाण्यात विरघळलेला सगळाच. ढिगाऱ्यात साठवलेला बर्फ काही आठवड्यांनी वितळतो तेव्हाही हे ग्लायकॉल येतं. धावपट्टीवरचा बर्फ वितळवायला युरिया वापरत असतील तर तो थांबवण्याचा आग्रह धरा. त्याचा पुढे अमोनिया होतो.

पाण्याच्या बचतीत नवे लोक नळांपासून सुरुवात करतात. आमचा सल्ला, कुलिंग टॉवरपासून करा. टॉवरमधून तासाला १,००० घनमीटर पाणी फिरत असेल आणि ते ५.५ अंशांनी थंड होत असेल, तर साधारण १० घनमीटर वाफ होऊन जातं. ते टाळता येत नाही. पण पाण्यातले क्षार तिप्पट होताच ब्लोडाउन करत असाल तर मेकअप, म्हणजे भरीचं नवं पाणी, तासाला १५ घनमीटर लागतं. सहापटीपर्यंत जाऊ दिलं तर १२. दिवसाला ७२ घनमीटर वाचले. मर्यादा असते कठीणपणाची आणि सिलिकाची, तेव्हा आधी पाण्याचं पृथक्करण करून घ्या. एसटीपीचं पाणी टॉवरला देणार असाल तर अमोनिया पाहा, तो तांब्याच्या नळ्या खातो.

गळती शोधताना शहरातली रात्रीच्या किमान प्रवाहाची पद्धत (सगळे झोपलेले असताना वाहतं ते बहुतेक गळतीचं धरायचं) इथे जशीच्या तशी चालत नाही, कारण रात्रीही विमानं असतात. सगळ्यात कमी प्रवाशांचा तास घ्या आणि प्रत्येक शाखेला वेगळं मीटर बसवा. फायर लाइनला मीटरचीही गरज नाही: आग नसताना तिथे प्रवाह शून्य हवा. लाइनमधला दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप दर काही मिनिटांनी सुरू होत असेल, तर लाइन जमिनीखाली कुठेतरी गळतेय.

नमुने घेण्याची सवय लवकर लावा. तेल आणि ग्रीससाठी काचेची बाटली, आधी त्या पाण्याने न खंगाळलेली. तेल काचेला चिकटतं आणि आकडा बिघडतो. फ्लोरिनयुक्त रसायनांसाठी याउलट पॉलिप्रॉपिलीनची बाटली, टेफ्लॉनचं झाकण नको, आणि त्या दिवशी जलरोधक जॅकेटही अंगात नको, कारण दोन्हींतून हीच रसायनं नमुन्यात येऊ शकतात.

सिव्हिल, मेकॅनिकल, केमिकल, पर्यावरण, कुठल्याही शाखेतून या कामात येता येतं. जलशास्त्र आणि प्रयोगशाळेचा पाया पक्का असला की बाकी अंगवळणी पडतं.

शेवटचं काम म्हणजे नाला बंद करणाऱ्या व्हॉल्व्हचं. दर महिन्याला तो पूर्ण फिरवा, किती फेरे आणि किती वेळ लागला ते लिहा. वर्षभर न हललेला व्हॉल्व्ह गरजेच्या वेळी जाम झालेला असतो. मग रंगाच्या चाचणीतली मिनिटं काढा. नाल्यात वेग सेकंदाला १ मीटर असेल आणि विमानाच्या स्टँडपासून (उभं राहण्याच्या जागेपासून) नाल्याचं बाहेरचं तोंड ९०० मीटर असेल, तर तुमच्याकडे १५ मिनिटं आहेत: फोन येणं, माणूस निघणं, व्हॉल्व्ह फिरवणं, सगळं त्यात बसायला हवं. एकदा सराव घेऊन घड्याळ लावून पाहा. बहुतेक ठिकाणी वेळ जातो तो किल्ली शोधण्यात. ती स्टोअरमध्ये न ठेवता व्हॉल्व्हशेजारच्या पेटीत ठेवा, आणि दुसरी अग्निशमन दलाकडे.