सिंहगडावर कॅमेरा नेताना

दसऱ्यानंतरच्या रविवारी आबांना घेऊन पुन्हा सिंहगडावर जायचंय, म्हणून ही तयारी आत्ताच लिहून काढतेय. ज्यांच्याकडे साधा खिशात मावणारा कॅमेरा आहे त्यांनाही उपयोगी पडेल. बॅटरी, कार्ड, पाणी, टोपी हे सगळ्यांना माहीत असतं, त्यावर वेळ घालवत नाही.

पहिलं काम प्लस-मायनसच्या बटणाचं, म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, फोटो उजळ किंवा गडद करायची सोय. घरून निघण्याआधी ते शून्यावर आहे का बघा.

गेल्या वर्षी मी हेच विसरले. गणपतीत आरतीच्या वेळी खोलीत उजेड कमी होता, फोटो काळपट येत होते, म्हणून ते +१ वर नेलं. +१ म्हणजे कॅमेरा दुप्पट उजेड आत घेतो. पुष्कळ कॅमेऱ्यांत बंद करून चालू केला तरी हा आकडा तसाच राहतो, माझ्यात तर राहतोच. महिन्याभराने गडावर गेलो. आबांच्या गुडघ्यांमुळे आतकरवाडीची चढाची पायवाट सोडून गाडीनेच वर. कल्याण दरवाजाच्या पायऱ्या ते थांबत थांबत उतरले आणि राजगड-तोरण्याकडे पाठ करून उभे राहिले. राजगडाचा बालेकिल्ला स्वच्छ दिसत होता. उन्हात मागचा पडदा धड दिसत नव्हता, मी भराभर फोटो काढत गेले. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं तर आबांच्या मागे नुसता पांढरा कागद. असा जळलेला भाग नंतर गडद करायला गेलं की फक्त राखाडी होतो, डोंगर काही परत येत नाही. थोडा काळपट फोटो मात्र बराचसा उजळता येतो. म्हणून शंका आली की कमीकडे झुका, –१/३ किंवा –२/३.

म्हणजे कायम शून्यच ठेवायचं असं नाही. कॅमेरा समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी धरतो. दरीतून वर आलेलं पांढरं धुकं त्यामुळे मळकट दिसतं, तिथे +२/३ लागतं. पण धुकं सरलं की लगेच शून्यावर आणा. लगेच. पुढचा फोटो घेण्याआधी.

पडद्यावर विसंबू नका, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला उजेड दाखवणारा आलेख, चालू करून ठेवा; डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. आलेखाचा ढीग उजव्या भिंतीला चिकटला असेल तर आकाश गेलं. दोन बोटं मेनूत फिरवायला आज घरी वेळ आहे, गडावर वाऱ्यात नाही. तिथेच ग्रिडच्या, म्हणजे पडद्याचे उभे-आडवे तीन-तीन भाग करणाऱ्या रेषाही चालू करा आणि डिजिटल झूम बंद करा. तो झूम नव्हेच, फोटो कापून ताणलेला असतो.

वेळ सकाळचीच धरा. कल्याण दरवाजाकडून राजगड आणि तोरणा नैऋत्येला येतात, त्यामुळे सकाळी ऊन आपल्या मागून, डावीकडून पडतं आणि डोंगराच्या घड्या उठून दिसतात. दुपारनंतर सूर्य तोरण्याच्याच बाजूला उतरतो, मग डोंगर नुसते निळसर सपाट. सकाळचा आणखी एक फायदा म्हणजे माणूस कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा राहिला की चेहऱ्यावर आणि मागच्या डोंगरावर एकच ऊन असतं. आबा कमानीच्या सावलीत आणि डोंगर उन्हात अशी जोडी लावलीत, तर कॅमेरा चेहरा सांभाळायला जातो आणि मागचं जाळतो. चेहरा ओळखण्याची सोय चालू असेल तर हमखास.

आता माणूस कुठे उभा करायचा. राजगड तिथून साधारण १५ किलोमीटर लांब आहे. डोळ्यांना मोठा वाटतो, पण झूम न करता जवळून फोटो घेतला की आबा मोठे आणि राजगड नखाएवढा. उलटं करा: आठ-दहा पावलं मागे या आणि लेन्सचा खरा झूम वापरा. आबा तेवढेच दिसतील, राजगड मोठा होईल. मागे सरकताना आधी पाठीमागे बघा, तिथे पायऱ्या आणि उतार आहे. गेल्या वर्षी आबांना अगदी मधोमध उभं केलं होतं. नीट आलं असतं तरी बालेकिल्ला त्यांच्या टोपीमागेच गेला असता. त्यांना ग्रिडच्या डाव्या रेषेवर घ्या, उजवीकडचा भाग डोंगराला सोडा.

क्षितिज मधून कापू नका. ढग चांगले असतील तर आकाशाला तीनपैकी दोन हिस्से, कोरडं पांढुरकं असेल तर जेमतेम पट्टी. खडकवासल्याचं पाणी उत्तरेला, तिथे रेषा तिरकी झाली की धरण ओतल्यासारखं दिसतं, ग्रिडला धरून सरळ करा. पुढ्यात काहीतरी हवं: बुरुजाचा दगड, सोनकी उरली असेल तर तिची पिवळी फुलं. नुसत्या दरीचा फोटो घरी आल्यावर कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, १०० किंवा जो सर्वांत कमी असेल तो. गणपतीत तोही वाढवलेला असणार. फ्लॅश बंद. लेन्स मऊ सुती कापडाने पुसा, शर्टाच्या टोकाने नको. एसी गाडीतून उतरल्यावर काचेवर वाफ धरली तर दहा मिनिटं थांबा.

एका जागी तीन फोटो: शून्य, उणे, अधिक. मग परत शून्य. पिठलं-भाकरी नंतर, आधी एक फोटो मोठा करून नीट तपासायचा, सावलीत जाऊन. मी तो राजगडाच्या टोकावर मोठा करून बघणार आहे.

उतरण्याआधी शून्य. घरी कार्ड लगेच रिकामं करा. आणि रविवारी पहाटे, कुलूप लावताना, प्लस-मायनस पुन्हा एकदा.