शोधश्वानाला वास ओळखून खूण करायला शिकवताना

स्फोटके शोधणाऱ्या श्वानाला सापडलेल्या वस्तूवर पंजा मारू न देता तिच्यासमोर शांत बसण्याचीच सवय लावावी, कारण वस्तूला लागलेला धक्काही घातक ठरू शकतो. सुरुवातीला एकसारख्या डब्यांपैकी एकातच स्फोटकाच्या वासाचा नमुना ठेवावा आणि श्वान तो हुंगत असतानाच आवडता चेंडू द्यावा. बक्षिसाला उशीर झाला, तर वास आणि चेंडू यांचे नाते कच्चे राहते. बसण्याची खूण त्यानंतर जोडावी. रिकामे डबेही नमुन्याच्या डब्याइतकेच हाताळावेत, अन्यथा श्वान माणसाच्या हाताचाच वास शोधू लागतो. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची दक्षता पुढची आहे: सरावातील काही फेऱ्यांत नमुन्याची जागा श्वान हस्तकालाही, म्हणजे श्वानाला हाताळणाऱ्या माणसालाही, ठाऊक नसावी, कारण त्याचे नकळत थबकणेसुद्धा श्वान अचूक टिपतो.