रानफुलांची तिकिटं लावा उंचीनुसार

फुलांची टपाल तिकिटं जमवणारे बहुतेकजण वही सालवार लावतात. बाबांची वहीही तशीच होती. पण इंदूरच्या शाळेत तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवल्यावर मला ते खटकायला लागलं. फूल साल बघून उगवत नाही, जागा बघून उगवतं. म्हणून मी सगळी तिकिटं सोडवली आणि डोंगर चढावा तशी खालून वर लावली.

पहिलं पान घराचं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे. पोस्टानं 1977 साली भारतीय फुलांची चार तिकिटं काढली, त्यातली कळलावी मी इथे लावली, कारण पावसाळ्यात पातालपाणी धबधब्याच्या बाजूला ती झुडपांवर चढलेली मी पाहिली आहे. त्याच संचातलं ऱ्होडोडेंड्रॉन, ज्याला पहाडात बुरांश म्हणतात, दुसऱ्या पानावर, 1500 मीटरच्या वर. तिथून पुढे 1982 चा हिमालयीन फुलांचा संच: कोब्रा लिली, पिवळी इन्युला, निळी पॉपी आणि सगळ्यात वर ब्रह्मकमळ. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातली फुलांची दरी, म्हणजे व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, राष्ट्रीय उद्यान झाली तेही 1982 मध्येच, हे मी पानावर आवर्जून लिहिलंय. क्षेत्र 87.5 चौरस किलोमीटर, 2005 पासून नंदादेवीच्या जोडीनं जागतिक वारसा. 1931 साली कामेट शिखर चढून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ या दरीत उतरला आणि तिचं नाव जगभर झालं. 1939 साली लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानासाठी रोपं गोळा करायला आलेली जोन लेग तिथेच घसरून गेली. तिची समाधी दरीत आहे. फुलांच्या पानावर तिचं नाव असायलाच हवं, असं मला वाटतं.

तिकीट लावण्याआधी ते भिंगाखाली धरून नीट बघा. ब्रह्मकमळाचं 285 पैशांचं तिकीट घ्या. आपल्या मराठी घरांत कुंडीतलं जे ब्रह्मकमळ रात्री उमलतं आणि ज्याच्यासाठी शेजारीपाजारी आरतीला बोलावले जातात, ते मुळात मेक्सिकोकडचं निवडुंगाच्या कुळातलं फूल. तिकिटावरचं खरं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं. पाकळ्या वाटतात त्या पाकळ्या नाहीत, कागदासारखी पातळ, फिकट पिवळसर हिरवी पानं आहेत. आत जांभळट फुलांचे गुच्छ दडलेले असतात आणि ही पानं त्यांना थंडीपासून जपतात. माझी नात हे ऐकून म्हणाली, "आजी, म्हणजे त्यानं शाल पांघरलीय." मी तेच वाक्य तिकिटाखाली पेन्सिलनं लिहून ठेवलं. पेन नको, शाई पुढेमागे उतरते.

पाकिटावरचं तिकीट सोडवताना घाई करू नका. आधी पाकिटाचा रंग बघा. लाल-पिवळ्या लग्नपत्रिकेच्या पाकिटाचा तुकडा इतरांबरोबर भिजवलात तर सगळी तिकिटं गुलाबी होतील. तसा तुकडा वेगळ्या वाटीत, थंड पाण्यात. बाकीच्यांच्या भोवती बोटभर कागद सोडून कात्री चालवा, तिकिटाच्या कडेचे दाते कापले जाता कामा नयेत. पसरट ताटलीत कोमट पाणी घ्या आणि तुकडे चित्राची बाजू वर करून सोडा. पंधरा-वीस मिनिटांत गोंद सुटतो. ओढायचं नाही. सुटायला आलं की तिकीट कागदावरून सरकतं. अडलं तर आणखी दहा मिनिटं द्या. मग स्वच्छ पाण्यात पाठीचा चिकटा बोटानं हलकेच धुवून चित्र खाली करून टिपकागदावर पसरा आणि अर्धवट सुकल्यावर जाड पुस्तकाखाली दाबा. वर्तमानपत्रावर वाळवू नका, त्याची शाई लागते. प्रथम दिवस आवरण, म्हणजे तिकीट निघालं त्या दिवशीचा शिक्का असलेलं पाकीट, मात्र कधीच भिजवू नये. ते जसंच्या तसं ठेवण्यातच त्याची किंमत आहे.

कोऱ्या, म्हणजे न वापरलेल्या तिकिटाला बोट लावू नका, चपट्या टोकाचा चिमटा वापरा. त्याला हिंज, म्हणजे तिकीट वहीला जोडणारी छोटी गोंदाची पट्टी, चिकटवली की पाठीचा मूळ गोंद बिघडतो, म्हणून कोऱ्यांसाठी पारदर्शक माउंट, म्हणजे तिकीट आत सरकवायची पाकिटं, घ्या. वापरलेल्यांना हिंज चालते.

इंदूरच्या उन्हाळ्याची मला भीती नाही, हवा कोरडी असते. जुलै-ऑगस्टची आहे. बाबांनी ब्रह्मकमळाचा चार तिकिटांचा अखंड ब्लॉक स्टेशनरीच्या दुकानातल्या साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला होता. काही वर्षांनी प्लास्टिक चिकट झालं, पावसाळी दमटपणात गोंद सुटला आणि सगळं एकजीव झालं. तो ब्लॉक मला वाचवता आला नाही, याचं आजही वाईट वाटतं. असलं साधं पीव्हीसी प्लास्टिक वापरू नका. वही आडवी, इतर वह्यांच्या ओझ्याखाली ठेवू नका. पुस्तकासारखी उभी ठेवा, शेजारी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. पाऊस संपला की कोरड्या दिवशी पानं उलटून हवा द्या.

पश्चिम घाटासाठी वेगळं पान करा. नीलकुरिंजीचं 15 रुपयांचं तिकीट 2006 चं आहे. हे फूल बारा वर्षांनी सगळं एकदम फुलतं, आणि 2006 हे बहराचंच वर्ष होतं. त्यानंतर 2018. पुढचा बहर 2030 मध्ये. मी तिकिटाशेजारी ही तिन्ही सालं लिहिली आहेत.

वहीत एखादा खरा डोंगरातला शिक्का हवा असेल तर फुलांच्या दरीला जाणाऱ्या माणसाकडे आपला पत्ता लिहिलेली दोन पोस्टकार्डं द्या. दरी जून ते ऑक्टोबर उघडी असते. कार्डावर फुलाचं तिकीट कोपऱ्याला लावून बाजूला जागा सोडा, आणि जोशीमठच्या पोस्टात काउंटरवर शिक्का तिकिटाच्या एका कोपऱ्यावरच उमटेल असा मारून मागायला सांगा, म्हणजे फूल झाकत नाही. माझ्या भाच्यानं ऑगस्टमध्ये टाकलेली दोन्ही कार्डं रामबागेतल्या घरी पोचली. शिक्क्यातली तारीख नीट वाचता येते. एक मी ब्रह्मकमळाच्या पानासमोर लावलंय, दुसरं नातीच्या वहीत आहे.